तोल्कुनच्या बारीला हरवलेला कळप

आतबाशी गावात कुजबुज होती ती अशी, की तोल्कुनने कळप विकला आणि पांढरी गाडी घेतली. कुजबुज तरी कसली, दुकानात चहापत्ती घ्यायला गेलं की चहापत्तीआधी ही बातमी हातात पडायची, तीही ताजी. टपालातल्या बाईने डोळ्यांनी पाहिलं होतं: नोव्हेंबरात, पहिला मोठा बर्फ पडला त्या दिवसांत, तोल्कुनच्या फाटकात नवी कोरी पांढरी गाडी उभी, आणि सकाळी तोल्कुन स्वतः झाडू घेऊन तिच्यावरचा बर्फ झाडतेय. "परक्याची गाडी कुणी एवढ्या मायेने झाडतं का?" हा टपालातल्या बाईचा सवाल. मग ती गाडी आता कुठे गेली, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. नारीनला बहिणीकडे लपवलीय म्हणे. बहीण ओशला राहते, ही अडचण कुणाला अडली नाही.

हा कळप मेंढ्यांचा नव्हता. पण सुरुवात मेंढ्यांपासूनच झाली.

आतबाशीत ज्यांच्या मेंढ्या उन्हाळ्यात वरच्या कुरणांत जात नाहीत त्यांनी त्या गावाच्या आसपास बारीबारीने चारायच्या असतात. या बारीला केझू म्हणतात. पाच मेंढ्यांमागे एक दिवस. पंधरा असतील तर तीन दिवस, सोळा असतील तर चार. म्हणून सोळावी मेंढी बहुतेक घरांत मोजणीच्या दिवशी मेव्हण्याकडे पाहुणी जाते. हा सगळा हिशेब, पाहुण्या मेंढ्यांसकट, ओस्मोन-आकेच्या डोक्यात असे. आके म्हणजे वडीलधारा; म्हातारा सत्तरीचा, पण कुणाची मेंढी कधी व्यायली ते त्या मेंढीपेक्षा त्याला जास्त लक्षात. एका वसंतात त्याला पित्ताशयाच्या खड्यांसाठी नारीनच्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि गावाची शुद्धच हरपली. उद्या बारी कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी दोन घरांनी 'ते नेतील' म्हणून एकमेकांवर सोडलं आणि साठ मेंढ्या कुणाच्या तरी लसूणघासात शिरल्या. दोन मेंढ्या पोट फुगून मेल्या. दोन शेजारणी त्या दिवसापासून एकमेकींच्या घरचा चहा घेत नाहीत.

तोल्कुन शाळेत संगणक शिकवायची. वय पस्तीस, लग्न झालेलं आणि मोडलेलं, घरात आई आणि दोन गायी. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने बसून प्रोग्राम लिहिला. फोन उघडला की दिसावं: उद्या बारी कुणाची, मेंढ्या किती, आज कुठे नेल्या होत्या. नावही केझूच ठेवलं. कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवला, म्हणजे कुणीही वाचावा, न्यावा, दुरुस्त करून परत द्यावा. पहिल्या पानावर तिने किर्गीझमध्ये, रशियनमध्ये आणि जरा अडखळत इंग्रजीत लिहिलं, की सर्वांचं स्वागत आहे.

वर्षभर कुणी आलं नाही. एक पत्र आलं, ते वजन कमी करण्याच्या गोळ्या विकणाऱ्याचं होतं.

खडे काढून परतलेला ओस्मोन-आके तिच्या अंगणात दुधाचा चहा पीत बसला होता, तेव्हा तिने गाऱ्हाणं मांडलं. "उघडं ठेवलंय आके, बोलावलंय, तरी कुणी फिरकत नाही."

"काय म्हणून बोलावलंस?"

"सर्वांचं स्वागत आहे म्हणून."

"मग कोण येईल? स्वागत आजही आहे, उद्याही आहे. घाई कसली?" म्हाताऱ्याने वाटी पुढे केली, आणखी ओत म्हणून. "पोरी, माझ्या उभ्या जन्मात 'मेंढ्या चारायला या हो' म्हटल्यावर एक माणूस आलेला नाही. 'उद्या तुझी बारी' म्हटलं की शिव्या घालत येतो. पण येतो."

तोल्कुनने हे मनावर घेतलं. पुढच्याच महिन्यात तलासहून बेरमेत नावाच्या मुलीचं रागाचं पत्र आलं. ती औषधाच्या दुकानात कामाला, घरी नऊ मेंढ्या. तिचं म्हणणं, की आईच्या जुन्या फोनवर खालचं बटण दिसतच नाही, हा प्रोग्राम काय फक्त श्रीमंतांच्या मेंढ्यांसाठी आहे?

तोल्कुनने लिहिलं, "बरोबर आहे तुझं. कसं दुरुस्त करायचं ते सोबत लिहून पाठवतेय, कर. आणि सोमवारपासून आठवडाभर बारी तुझी."

"कसली बारी?"

"कळपाची. जी तक्रार येईल तिला उत्तर द्यायचं, जी दुरुस्ती येईल ती वाचायची, चांगली असेल तर आत घ्यायची."

"एजे, मला कोड येत नाही हो!"

"मेंढीला तरी कुठे येतो? अडलं तर मला विचार."

बेरमेतने शिव्या घातल्या असतील, पण बटण दुरुस्त केलं आणि आठवडा काढला. एजे म्हणजे थोरली ताई. त्या दिवसापासून ती तोल्कुनला एजे म्हणायची ती नुसती रीत म्हणून नव्हे.

मग नियमच झाला. ज्याचं एक अक्षर जरी कोडात गेलं, त्याचं नाव बारीच्या यादीत. पळवाट नाही. आणि गंमत अशी, की स्वागताला न आलेले लोक बारीला यायला लागले. तोरुगार्तच्या सीमेवरचा जकात कारकून आला, ज्याला दिवसभर ट्रकची वाट पाहण्याखेरीज काम नव्हतं. तोकमोकचा गणिताचा मास्तर आला आणि त्याने मेंढ्यांच्या भागाकारातल्या चुका अशा काही काढल्या की तोल्कुन दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. सुसामीरचा एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याला कोडातलं ओ की ठो कळत नसे, पण मेंढपाळांचे आवाजी निरोप ऐकून त्यातली तक्रार तेवढी नीट लिहून काढायचं काम त्याच्याइतकं कुणाला जमलं नाही. बाकीचे निरोप सुनेबद्दल असत. तीन वर्षांत एक्केचाळीस माणसं झाली, आणि साठ गावांच्या मेंढ्या.

सोमवारी सकाळी बारी बदलायची. ज्याची संपली तो फोनवरच्या गटात लिहायचा, "कळप मोजून दिला." ज्याची सुरू झाली तो लिहायचा, "मोजून घेतला," आणि पुढे आकडे: तक्रारी इतक्या, अर्धवट दुरुस्त्या इतक्या, रुसलेली माणसं इतकी. शेवटचा आकडा ड्रायव्हरने सुरू केला होता आणि तो सर्वांत महत्त्वाचा ठरला. रुसलेल्याला त्या आठवड्यात फोन करायचा, हे बारीवाल्याचं कामच होऊन गेलं.

आणि बारीबरोबर किल्ली जायची. अख्खी. प्रोग्रामचं घर, नाव, पत्ता, कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, सगळे पासवर्ड त्या आठवड्याच्या माणसाकडे, आणि तोल्कुनकडे मागे काही नाही. औषधं जपून देण्याची सवय असलेल्या बेरमेतला हे झेपेना. "एजे, निदान अर्धी किल्ली तरी आपल्याकडे ठेवा."

"अर्धा कळप देतात का कुणाला?" तोल्कुन हसली. "मेंढ्या दिल्या की दिल्या. मालक काठी घेऊन मागोमाग फिरायला लागला तर ती बारी कसली, ती चाकरी."

हे वाक्य बिश्केकपर्यंत गाजलं. शहरातल्या शिकलेल्या लोकांनी तिला बोलावून भाषण करायला लावलं, माणसं जमवायची कशी म्हणून. तिने पंधरा मिनिटांत ओस्मोन-आकेचं सगळं शहाणपण सांगून टाकलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली, कारण गायी दुभत्या होत्या.

त्या सभेत पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता एर्मेक. एर्मेक तिच्या वर्गातला. आठ वर्षं एका बाकावर बसलेले. तिच्या वहीतून गणित उतरवायचा आणि त्याच्या डब्यातला कात्तामा, म्हणजे पापुद्र्यांची रोटी, ती खायची, असा चोख व्यवहार. आपल्याकडे सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, वर्गातल्याला येत नाही. एर्मेक बिश्केकला मोठ्या कंपनीत होता, नकाशांचं काम करायचा. दुसऱ्या वर्षी तो केझूत आला आणि मेंढ्या कुठे चरल्या ते दाखवणारा नकाशा एकट्याने बांधून दिला. सगळ्यांचा लाडका. बारी आली की गटात रोज एक विनोद टाकायचा. रुसलेल्या माणसांना फोन करावेत तर त्यानेच. तोकमोकच्या मास्तरालासुद्धा त्याने एकदा हसवलं होतं, त्याची तारीख लोकांनी लिहून ठेवली.

तर त्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी गटात कुणी "मोजून दिला" लिहिलंच नाही. दुपार झाली. तोरुगार्तच्या कारकुनाने आत जाऊन पाहिलं तर दार बंद. त्याचं नाव काढलेलं. बेरमेतचं नाव काढलेलं. एक्केचाळीसपैकी चाळीस नावं गेलेली, आणि उरलेलं एक एर्मेकचं.

दोन आठवड्यांनी साठ गावांतल्या फोनवर प्रोग्रामचं नाव बदललं, रंग बदलला. ओस्मोन-आकेने सवयीने बोट लावलं तर फोन म्हणाला, बारी पाहायची तर आधी महिन्याची वर्गणी भरा.

म्हातारा फोन घेऊन तोल्कुनकडे आला. "उद्या बारी कुणाची ते सांगायला हा पैसे मागतो?"

"हो, आके."

"मग मेंढ्यांनाच विचारतो. त्या अजून फुकट सांगतात." एरवी अशा वाक्यावर तोल्कुन हसली असती. म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा न मागताच उठला, जे त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

तिने एर्मेकला फोन लावला. तीनदा वाजून गेला, चौथ्यांदा त्याने उचलला आणि आवाज तोच, बाकावरचा.

"तोल्कुश! मीच करणार होतो बघ."

"कळप परत दे, एर्मेक."

"अगं, ऐक तर. किती दिवस चालणार होतं बारीवर? गाव मोठं झालं की पगारी मेंढपाळ ठेवतातच ना? मी कंपनी काढलीय. लोकांना पगार देणार. तू काय दिलंस त्यांना? आठवडाभर फुकट राबवलंस आणि वर रुसलेले मोजायला लावलंस."

"लोकांना विचारलंस?"

"तू विचारलं होतंस? उद्या तुझी बारी म्हणून सांगून मोकळी व्हायचीस."

 हे बोलणं खोटं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "नान खाल्लं होतंस ना माझ्या घरचं?"

"तोल्कुश, ही अशी गावंढळ बोलणी..." असं तो म्हणत होता तेव्हा तिने फोन ठेवला. केसाने गळा कापणाऱ्याला बहुधा केसाचंही वजन जाणवत नाही.

आता उघड्या कोडाची एक मजा असते. तो चोरीला जात नाही. एक्केचाळीस जणांकडे त्याच्या एक्केचाळीस नकला होत्या. तोल्कुनने दोन दिवसांत नवं घर उघडलं, जुना कोड तिथे मांडला, नाव तेवढं 'नवी केझू' केलं. राहता राहिली माणसं. त्यांच्याशिवाय हा कोड म्हणजे कुंपण, आत मेंढी नाही. तिने एकेकाला लिहिलं, कळप इथे आहे, यादी इथे आहे, या.

आणि सगळ्यांनी उलट एकच विचारलं. जुनी यादी प्रत्येकाकडे होती, आणि त्या आठवड्यापुढे एर्मेकचं नाव नव्हतंच. तोल्कुनचं होतं.

"एजे, त्या आठवड्यात बारी तुमची होती ना? मग किल्ली त्याच्याकडे कशी?"

तिने सगळ्यांना सारखंच उत्तर दिलं. "बारी माझी होती. कळप माझ्या बारीला हरवला. भरपाई मी करीन."

आतबाशीत वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. बारीला मेंढी हरवली तर लांडगा होता, धुकं होतं, मी नव्हतो, धाकट्याला पाठवलं होतं, असं काही सांगायचं नसतं. आपल्या गोठ्यातली एक सोडायची, समोरच्याच्या दाराशी नेऊन बांधायची आणि मान खाली घालून परत यायचं. कारण सांगणाऱ्याची आपल्याकडे लाज काढतात. पण तोकमोकच्या मास्तराला, तलासच्या मुलीला, बिश्केकच्या पोरांना कारणच हवं होतं. ते मिळालं नाही, तेव्हा त्यांना पांढरी गाडी मिळाली. टपालातल्या बाईचा भाचा बिश्केकला शिकतो आणि आतबाशीची गोष्ट दोलोन घाट ओलांडायला बर्फाला भीत नाही.

त्या हिवाळ्यात तोल्कुनने एकटीने बारी केली. दर सोमवारी रिकाम्या गटात लिहायची, "कळप मोजून दिला." आणि खाली, "मोजून घेतला." एक्केचाळीस आठवडे एकटीने करायचं तिने ठरवलं होतं, माणशी एक. हीच तिची भरपाई. शाळेतून आली की गायी, गायींनंतर तक्रारी. ओस्मोन-आकेचं गाव आणि आणखी चार गावं नव्या घरात आली होती, त्यांच्या तक्रारी काही कमी होत नव्हत्या. रुसलेली माणसं किती, या आकड्यापुढे ती दर आठवड्याला एकतीस लिहायची. आठजण एर्मेकच्या कंपनीत पगारावर लागले होते, ते गेलेल्यांत धरलेले. कारकून त्यांतलाच.

एप्रिलमध्ये बेरमेत आली. तलासहून आतबाशी म्हणजे दीड दिवस, तीन गाड्या बदलून. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच समोर पाहिलं. बेरमेत फोटोपेक्षा बुटकी निघाली. आईने जेवणाचं दस्तरखान पसरलं, कणकेचे तळलेले बोरसोक ओतले, साय ठेवली. बेरमेतने एका बोरसोकाचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"एजे, एकदाच विचारते. विकलंत?"

"बारी माझी होती."

"ते नाही विचारलं."

"मग जे विचारतेस त्याचं उत्तर तू स्वतःच दे की. तीन वर्षं ओळखतेस मला."

"ओळखत होते." बेरमेतने हातातला तुकडा दस्तरखानावर ठेवला. "मी म्हटलं होतं, अर्धी ठेवा. मी औषधाच्या दुकानातली पोर, मला कळलं. तुम्ही हसलात. भाषणात सांगितलंत सगळ्यांना, की अर्धा कळप कुणी देत नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय समजू? एक तर तुम्ही मूर्ख आहात, नाहीतर तुम्ही विकलं. मूर्ख तर तुम्ही नाही."

तोल्कुनने सायीची वाटी तिच्यापुढे सरकवली. त्या क्षणी तिने तोंड उघडलं असतं तर बेरमेत उरली असती. हे तिलाही कळत होतं. पण तोंडावर आलेलं प्रत्येक वाक्य 'मी नव्हे, त्याने' असंच सुरू होत होतं, आणि ते वाक्य तिच्या बापाने कधी उच्चारलं नव्हतं, आज्याने नव्हतं.

"मी सोमवारपासून एर्मेकदादांकडे लागतेय," बेरमेत म्हणाली. "आईच्या गुडघ्यांचं औषध महाग आहे. आणि दुसरं असं, की तिथे निदान कळतं कोण कुणाचं आहे ते."

"तिथे किल्ली अख्खी देतात की अर्धी?"

"तिथे देतच नाहीत."

"मग बरं आहे," तोल्कुन म्हणाली, आणि आईला म्हणाली, "हिला वाटेत खायला कात्तामा बांध."

बेरमेत गाडीत बसली तेव्हा कात्तामाचं पुडकं मांडीवर होतं, आणि खिडकी खाली करून ती काही बोलणार असं वाटलं. तेवढ्यात गाडी सुटली. त्या सोमवारी गटात रुसलेल्यांच्या आकड्यापुढे तोल्कुनने तीस लिहिलं. बेरमेत आता रुसलेल्यांत धरायची नाही, गेलेल्यांत धरायची, एवढाच त्या हिशेबाचा अर्थ.

एक्केचाळीस आठवडे तिने पुरे केले. शेवटच्या सोमवारी सुसामीरच्या ड्रायव्हरचा आवाजी निरोप आला: "एजे, मला कोड तेव्हाही कळत नव्हता, आताही कळत नाही. गाडीचंही कळत नाही, आणि गाड्यांतलं मला कळतं. पुढची बारी माझी लिहा." त्याच्यामागून आणखी पाचजण आले. मास्तर आला नाही. पण भागाकारातली एक चूक काढून पाठवली, नाव न घालता. अशी चूक दुसऱ्या कुणाला सापडणं शक्य नव्हतं.

आज नवी केझू सातजण चालवतात. बारी आहे, सोमवारही आहे. पण तिची किल्ली आता तिघांच्या हातात वाटलेली असते आणि दोघांनी होकार दिल्याशिवाय कुठलंही दार उघडत नाही. हा नियम तोल्कुननेच लिहिला. ती किल्ली हातात घेताना कुणी "मोजून घेतला" म्हणत नाही, कारण एकट्याने मोजून घेण्यासारखं काही उरलेलं नाही. ड्रायव्हरने एकदा सवयीने लिहिलं आणि मग स्वतःच पुसून टाकलं. बिश्केकहून पुन्हा भाषणाचं बोलावणं आलं होतं. गायींचं कारण सांगून ती गेली नाही, आणि त्या महिन्यात दोन्ही गायी आटलेल्या होत्या, हे टपालातल्या बाईने लगेच सगळ्यांना सांगितलं.

राहिली पांढरी गाडी. ती एर्मेकची होती. त्या नोव्हेंबरात तो आतबाशीला आईवडिलांच्या थडग्यांवर आला होता, आणि दोलोन घाट बर्फाने बंद झाला म्हणून दोन दिवस तोल्कुनच्या घरी तिच्या आईच्या हातचं जेवून राहिला. त्याची बारी मार्चमध्ये होती. कंपनीतून काढलंय, हाताला काम नाही, डोकं फिरायची वेळ आलीय, असं त्याने सांगितलं आणि तिची बारी मागितली, तिने दिली. त्याला कंपनीतून काढलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी घाट उघडला तेव्हा गाडीवरचा बर्फ तोल्कुनने झाडला, कारण पाहुण्याला उशीर होत होता. तिला या सगळ्याबद्दल काही मिळालं नाही.